नणंदबाई घर पाहतात

माझ्या थोरल्या नणंदेला पसंत पडेल असं घर या भूतलावर अजून कोणी बांधलेलं नाही, असं मी गेल्या वर्षापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. उगाच नाही सांगत. अकोल्यातली विकाऊ घरं त्यांनी एकूणएक पाहिली आणि त्यांच्या मागे स्कूटीची किल्ली सांभाळत मीही पाहिली. एका घराचा जिना त्यांना चढण्यासाठी नसून पडण्यासाठी केलेला वाटला. एका घरातली झोपायची खोली इतकी लहान की कूस बदलायची तर आधी हॉलमध्ये यावं लागेल, असं त्यांनी घरमालकाच्या तोंडावर सांगितलं. एका बंगल्यात देवघर आणि बाथरूम यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीला कान लावून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि देवाची कीव आल्यासारखी मान हलवून बाहेर पडल्या. एका घरात मात्र काहीच खोट सापडेना. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. कसचं काय! खोट दिसत नाही म्हणजे मोठी खोट दडवलेली असणार, असं म्हणत त्यांनी ते घर सगळ्यांच्या आधी बाद केलं.

नणंदबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न त्यांनी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्या खानदानात कोणाची छाती झाली नाही. सगळी नोकरी त्यांनी अकोट आगारात एसटीच्या कंडक्टर म्हणून काढली. राहायला अकोटातच भाड्याची एक खोली होती, पण तिथे त्या फक्त झोपायला जात. खऱ्या राहत त्या बसमध्ये. नोकरीतून रिटायर होऊन त्या अकोल्यात घर घ्यायला आल्या तरी त्यांच्यातली कंडक्टरीण काही रिटायर झाली नाही. कुठल्याही घरात शिरल्या की खोली किती बाय किती हे त्या विचारत नसत; इथे बसून किती मावतील आणि उभे किती, हे नजरेनं मोजत. दलाल दारात घुटमळला की "मधात उभे नका राहू, मागं सरका, मागं लय जागा हाय," असं सवयीनं म्हणत, आणि तो बिचारा खरंच मागे सरकत सरकत न्हाणीघरापर्यंत जाई. माझ्या स्कूटीवर मागे बसल्या की सीटवर दोनदा थाप मारायच्या. ती थाप पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम मला पहिल्याच दिवशी समजावून देण्यात आला. मी शाळेत आठवी-नववीला शिकवते, पोरं मला टरकून असतात. पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी नणंदबाईंची ड्रायव्हर होते आणि ड्रायव्हरनं बोलायचं नसतं.

पाहून पाहून शेवटी गाडी दोन वस्त्यांवर येऊन थांबली. एक आमची शिक्षक कॉलनी आणि दुसरं राधाई नगर. दोन्हींच्या मध्ये एक नाला आणि नाल्यावर एक पुलिया, बस्स, एवढंच अंतर. शिक्षक कॉलनी जुनी, कडुनिंबांची, अरुंद रस्त्यांची, आणि महापालिकेत तक्रार अर्ज देणं हाच एकमेव छंद असलेल्या पेन्शनरांची. राधाई नगर म्हणजे नवं ले-आउट. रस्ते रुंद, झाड औषधालाही नाही, आणि घरांच्या दर्शनी भिंतींवर अशा रंगांच्या टाइल्स की त्या रंगाची साडी नेसून कोणी घराबाहेर पडणार नाही. राधाई नगरातलं विकाऊ घर कोपऱ्यावरचं होतं. आणि शिक्षक कॉलनीतलं? ते आमच्याच गल्लीत होतं, आमच्यापासून तिसरं. मी फोडणी घातली की ठसका त्यांना लागेल, इतकं जवळ. आता एक तर नणंद, त्यात थोरली, त्यात कंडक्टर! जिनं सारी हयात विनातिकीट माणसं हेरण्यात घालवली ती बाई माझ्यापासून तिसऱ्या दारात बसणार, हे नुसतं मनात आलं की मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेई. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की तुम्ही दोघी पाहा, मी मध्ये पडत नाही, आणि पेपरात तोंड खुपसून बसला. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की काय वाट्टेल ते होवो, नणंदबाईंचं घर पुलियापलीकडेच झालं पाहिजे. त्यासाठी मला त्या टाइल्सची स्तुती करावी लागली असती तरी मी केली असती. आणि केलीही.

घर मिळेपर्यंत त्यांचा मुक्काम आमच्याकडे होता. पहाटे पहिल्या गाडीची वेळ झाली की त्या उठत आणि मग घरात कोणीही झोपू शकत नसे. नळ येण्याच्या दिवशी माझे ड्रम, बादल्या, घागरी, कुकर, आणि एकदा तर नवऱ्याचा जेवणाचा डबासुद्धा त्यांनी पाण्यानं भरून ठेवला होता. कूलरमध्ये वाळ्याच्या ताट्या मी उलट्या बसवल्यात हे त्यांनी तीन वेळा सांगितलं, चौथ्यांदा काही न बोलता स्वतःच काढून सुलट्या बसवल्या, आणि हवा खरंच गार यायला लागली. याचा मला जास्त राग आला. मग मी आमच्याच कॉलनीची बदनामी सुरू केली. इथे उकाडा फार, इथले लोक फार चौकस, नाल्यामुळे इथे डास फार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून, तुमच्या इकडच्या डासाइले पुलिया ओलांडता येत नाई का?" त्यावर मी चहा ठेवायला उठले.

पण नणंदबाई माझ्या सांगण्यावर घर घेणाऱ्या थोड्याच! त्यांच्या स्वतःच्या परीक्षा होत्या. पहिली डाळीची. आमच्या भागात जमिनीखालचं पाणी कुठे गोड लागेल आणि कुठे खारं, याचा नेम नाही, आणि खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही. म्हणून त्या घर पाहायला निघताना रुमालात मूठभर डाळ बांधून घेत. आधी राधाई नगरात गेलो. तिथे नळ पोचला नव्हता, सगळा कारभार बोअरच्या पाण्यावर. नणंदबाईंनी घरमालकिणीला सांगितलं की घर मागून पाहू, आधी एवढी डाळ लावा, आणि सोडा टाकायचा नाही. ती बाई गोंधळली, पण कंडक्टरच्या आवाजापुढे कोणाचं काय चालतं? कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत गेल्या. शेवटी झाकण उघडलं, नणंदबाईंनी एक दाणा बोटांत धरून दाबला, तो निसटून टणकन ओट्यावर पडला. "दाळ नोये हे, छर्रे हायेत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातली मूठभर डाळ आमच्या गल्लीतल्या त्या तिसऱ्या घरात नळाच्या पाण्यात लावली, तर लोण्यासारखी शिजली. नणंदबाईंनी वाटीभर वरण तिथल्या तिथे उभ्यानं पिऊन टाकलं आणि समाधानानं माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं राधाई नगरातल्या टाइल्सचा विषय काढला.

दुसरी परीक्षा विरजणाची. ही त्यांनी मला न सांगता घेतली. भर दुपारी छत्री उघडून, माझ्या स्वयंपाकघरातली एक वाटी घेऊन त्या एकट्याच निघाल्या. राधाई नगरात कुठल्याही घराची बेल वाजवायची आणि म्हणायचं, बाई, थोडं इरजन द्या, दूध नासून राह्यलं. पहिल्याच दारातल्या बाईनं वाटी भरून दिली; ते दही खाऊन त्या पुढच्या दारी गेल्या. दुसरीनं आत बोलावून माठातलं पाणी दिलं आणि उन्हातून कशाला फिरता म्हणून रागावली. तिसरीकडे तर मुलीच्या लग्नाचा अल्बम पाहून, चहा पिऊन, वर लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन त्या उठल्या. मग बरणी पिशवीत टाकून, पुलिया ओलांडून त्याच वाटीनिशी त्या शिक्षक कॉलनीत शिरल्या. मी घरी पंख्याखाली डाळ निवडत बसले होते. तेवढ्यात मोबाइलवर कॉलनीच्या ग्रुपचा मेसेज आला. "सावधान. एक संशयित महिला वाटी घेऊन घरोघरी फिरत आहे. कोणीही दार उघडू नये." खाली वरच्या मजल्यावरून काढलेला फोटो. छत्री, छत्रीखाली माझी नणंद, आणि हातात माझी वाटी. माझ्या आईनं लग्नात माझं नाव कोरून दिलेली, मोठं करून पाहिलं तर नाव वाचता येत होतं. त्याखाली अंगठे, हात जोडलेले, 'दक्ष राहा', आणि कोणा एकानं तर पोलिसांत कळवावं का असंही विचारलं होतं.

आता खरं म्हणजे मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. माझं काम कॉलनीनंच करून टाकलं होतं. पण तो फोटो पाहिला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या नणंदेला नावं ठेवायची असतील तर मी ठेवीन, हे कोण लागून गेले? मी ग्रुपवर लिहिलं, "ही महिला संशयित नाही, माझी नणंद आहे. ती विरजण मागत नव्हती, परीक्षा घेत होती. आपले मार्क सांगायला मला लाज वाटते." आणि ग्रुपमधून बाहेर पडले. (पाणी कधी येणार ते कळेना म्हणून दुसऱ्या दिवशी परत शिरले, ते सोडा.) तशीच चप्पल अडकवून त्यांना शोधायला गेले, तर त्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभ्या होत्या. वाटी रिकामी होती. एवढी मोठी, खमकी बाई, पण घामानं डबडबलेल्या त्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच काहीतरी दुखलेलं दिसलं. आम्ही नाक्यावरच्या रसवंतीत गेलो. उसाचा रस पिता पिता त्यांनी मला एका मुलीची गोष्ट सांगितली. दहावीच्या परीक्षेला निघालेली ती मुलगी हॉल तिकीट विसरली म्हणून घरी पळाली होती, आणि ती येईस्तोवर नणंदबाईंनी भरलेली गाडी थांबवून धरली होती. गाडीतली माणसं शिव्या देत होती आणि ह्या दारात आडव्या उभ्या! सांगताना त्या इतक्या हसल्या की रस नाकात गेला. मीही हसले. आणि घरी येता येता माझ्या लक्षात आलं की या बाईनं आपल्या गल्लीत राहावं असं मला वाटायला लागलं आहे.

झालं, दुसऱ्या दिवसापासून मी टोपी फिरवली. आमच्या निंबांची सावली, आमचा नळ, आमची शांतता, काय काय सांगितलं मी! नणंदबाई ऐकत होत्या. आठवड्यानं रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की राधाई नगरातल्या घराचा सौदा पक्का केला. मी म्हटलं, तिथं डाळ शिजत नाही. त्या म्हणाल्या, "दाळ रातभर भिजू घालता येते. मानूस भिजू घालता येत नाई."

नवरा हसला. मी नाही हसले. मी पुन्हा आमच्या कॉलनीची बाजू मांडायला लागले, तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "मास्तरीनबाई, मी या गल्लीत येऊ नये म्हनून तू महिनाभर राबली, हे का मले समजलं नाई? सारी जिंदगी मानसाचं तोंड पाहून तिकीट इचारलं म्या. राग नाई मले. मी कशी हावो ते मले मालूम हाय. म्या सोता माह्या शेजारी घर घेतलं नसतं."

"तेव्हा नको होतं," मी म्हटलं. "आता पाहिजे आहे."

त्यांनी खाली ठेवलेला घास पुन्हा उचलला, खाल्ला. मग म्हणाल्या, "म्हनूनच तं जाऊन राह्यली. आता पायजे हाय ना, मंग पायजेच राहू दे. तिसऱ्या दारात राह्यली तं सहा महिन्यात तू परत दार लावून घेशीन."

मी त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं. खोटं काय बोलणार?

राधाई नगरात त्या आता चांगल्या रुळल्या आहेत. कचऱ्याच्या गाडीपुढे तिथे रांग लागते, कोणी मध्ये घुसत नाही. दुपारी त्यांच्या घरात चारपाच बायका हमखास बसलेल्या असतात, आणि मी गेले की त्यांना सरकवून माझ्यासाठी जागा करण्यात येते. आमच्या गल्लीतलं तिसरं घर एका नवराबायकोनं घेतलं. दोघंही नोकरीवाले, सभ्य, सकाळी कुलूप लावून जातात आणि रात्री येतात. ना कधी बेल वाजवतात, ना कधी कूलरबद्दल काही बोलतात. मला अगदी असाच शेजार हवा होता. संध्याकाळी नवरा विचारतो, काय मग, आता सगळं शांत झालं ना तुझ्या मनासारखं? मी हो म्हणते आणि भाजी आणायची आहे म्हणून स्कूटी काढते. भाजीवाला रोज सकाळी आमच्या दारात येतो हे त्याला ठाऊक आहे, पण तो पुन्हा पेपरात तोंड खुपसतो.