समोरच्या चाकाचा खडखडाट

ट्रक सुरू केला की ते आधी खाली उतरायचे आणि बॉनेटवर उजवा तळवा ठेवून उभे राहायचे. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा, तसा. मग म्हणायचे, "हं. ठीक हाय. चाला."

हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांना ती मायाच वाटायची. केवढं जपतात गाडीला! गाडी तशी जपण्यासारखी राहिलेलीच नव्हती. दुर्गच्या एका मंडपवाल्याने वापरून वापरून काढून टाकलेला तो मिनी ट्रक. दारांचा निळा वेगळा, टपाचा निळा वेगळा. पुढच्या चाकांना मात्र डिस्क ब्रेक होते, आणि आमच्याकडच्या मिस्त्र्यांना त्याचं तेव्हा जरा अप्रूपच होतं.

मी त्यांना काका म्हणत असे. सगळेच म्हणत. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या स्टोअरमधून मुदतीआधीच निवृत्त होऊन त्यांनी हा ट्रक घेतला होता, आणि त्यांचं काम एकच होतं. लोकांची घरं हलवायची.

भिलाईत राहिलेल्यांना समजावून सांगायला नको. नोकरी संपली की क्वार्टर सोडावं लागतं. अंगणात आपण लावलेला आंबा ऐन भरात येतो आणि त्याच्या कैऱ्या दुसऱ्याच्या बरणीत जातात. कोणी नागपूर-वर्ध्याकडे परत जायचं, कोणी इथेच नेहरू नगरात घर बांधायचं. पण आपल्या मराठी घरांचं सामान क्वार्टरातून बाहेर पडायचं ते बहुतेक काकांच्याच ट्रकमधून.

त्यांचा एक नियम होता. स्टोव्ह सगळ्यांत शेवटी चढायचा. घर रिकामं झालं की त्या रिकाम्या स्वयंपाकघरात घरच्या बाईंनी चहा करायचा, सगळ्यांनी भिंतीला टेकून तो प्यायचा, आणि मगच दाराला कुलूप. घाई करणाऱ्याला ते म्हणत, "इतकी वर्सं राहिले, अजून पाच मिनिटं राहा ना." सामान उचलणारी माणसं जवळच्या उतई गावाकडची असायची. कपाट जरा आपटलं की काकांचा आवाज चढायचा, "हळू रे भाऊ! घर हाय ते!" ती माणसं हसून छत्तीसगढीत म्हणायची, "हव कका, हव."

ते बोलायचे मोठ्याने, आणि पुष्कळदा भलतंच. "काका, चहा घेता का?" विचारलं तर "हो, उद्या उतईलेच जाऊन राहिलो" असं उत्तर यायचं. आम्ही हसायचो. ते आमच्यासोबत हसायचे, आमच्याहून जोरात.

आणि काकू कायम सोबत. ट्रक कुठेही जावो, काकू केबिनमध्ये. "काकूले फिरायची मोठी हौस," असं बायका म्हणायच्या.

माझे बाबा निवृत्त झाले तेव्हा आमचंही सामान काकांच्याच ट्रकमध्ये चढलं. ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही नेहरू नगरात घर घेतलं होतं, काकांच्या गल्लीतच. आई-बाबा स्कूटरवर पुढे गेले. मी केबिनमध्ये खिडकीशी, मांडीवर आईचा मोठा आरसा. मध्ये काकू, आणि पलीकडे काका.

हायवेवर मागून एका बसने हॉर्न दिला. काकांनी काही केलं नाही. काकूंनी समोर बघतच त्यांच्या गुडघ्यावर हलकी टिचकी मारली आणि ट्रक लगेच डावीकडे सरकला. थोड्या वेळाने एक स्कूटरवाला पीं-पीं करत आला. पुन्हा टिचकी. पुन्हा ट्रक सरकला. दोघं इतकी वर्षं हेच करत असल्यासारखी सहज बसली होती.

तेव्हा मला कळलं. काकूंना फिरायची हौस नव्हती. काकांना ऐकू येत नव्हतं, आणि बॉनेटवरच्या तळव्याने ते इंजिन ऐकत होते. पुढे समजलं की त्यांच्या वडिलांचेही कान असेच उतारवयात गेले होते.

रस्ता उखडलेला लागला आणि माझ्या बाजूच्या पुढच्या चाकातून आवाज येऊ लागला. खडखड, खडखड. पत्र्याच्या डब्यात चमचा हलवावा तसा.

"काका, समोर काहीतरी वाजतंय," मी म्हटलं.

काकूंनी झटकन माझ्याकडे पाहून मान हलवली, बोलू नको म्हणून. पण काकांचं लक्ष माझ्या ओठांकडे गेलं होतं. "काय म्हणते ही?" त्यांनी विचारलं, आणि मी मूर्खासारखी ओरडूनच सांगितलं, "चाक वाजतंय!"

त्यांनी ट्रक कडेला घेतला. इंजिन बंद केलं.

"तुले ऐकू येऊन राहिलं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"येते."

"कवापासून?"

"झाले काही दिवस."

"मंग सांगतलं कावून नाई?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांच्याकडे वळून, त्यांना ओठ दिसतील अशा, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मागच्या साली असाच आवाज तुमीच आधी ऐकला होता. मी नाई. हॉर्न नाई ऐकू ये, पन गाडीचं वाजनं तुमाले ऐकू ये. मले वाटलं, आज येईन ऐकू. उद्या येईन."

काका स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येकासोबत आमची केबिन हलत होती. मग त्यांनी इंजिन सुरू केलं आणि बैलगाडीच्या चालीने आम्हाला नेहरू नगरात आणून सोडलं. सामान उतरवताना त्यांचं "हळू रे भाऊ" त्या दिवशी एकदाही ऐकलं नाही.

मग दोघांत अबोला सुरू झाला. शेजारीच असल्याने मला तो रोज दिसत होता. आणि चाक काही वाजायचं थांबेना. सुपेल्याच्या मिस्त्रीने गाडी दाबून पाहिली, "काकाजी, शॉकर का बुश गया है," म्हणाला आणि धक्के झेलणाऱ्या शॉकरचं ते रबरी बुश बदललं. आवाज तसाच. मग चाक उचलून हलवून पाहिलं, बेअरिंग कसलं. आवाज तसाच. चाकाचे नट तर काका स्वतः रोज सकाळी आवळत.

एक दिवस ते आमच्या फाटकात उभे राहिले. "बेटा, चाल. तुया कान पायजे."

मी गेले. त्यांनी मला गल्लीत, हायवेच्या कडेने, मोकळ्या प्लॉटवरून फिरवलं. मी सांगत होते, "वाजतंय. आता नाही. आता वाजतंय."

"वाजते म्हनजे कसं वाजते?" ते वैतागले. "घंटीवानी का डब्यावानी? चाक फिरते तसं का खड्ड्यात पडलं का मंगच?"

मला सांगता येईना. वाजतंय एवढंच कळत होतं. त्यांनी माझ्याकडे हताश होऊन पाहिलं, ट्रक वळवला आणि थेट आपल्या घरासमोर आणून उभा केला. फाटकातूनच ओरडले, "अवं! चाल बाहेर! ह्या पोरीले कायी समजत नाई!"

त्यांची माफी मागायची हीच रीत असावी. काकू ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या, माझ्या शेजारी चढून बसल्या आणि दार ओढून घेत म्हणाल्या, "चाला."

मोकळ्या प्लॉटच्या खाचखळग्यांवरून ट्रक हळूहळू चालला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"वाजून राहिलं. खड्ड्यातच वाजते. चाकाच्या फिरन्याशी त्याचं कायी नाई." मग एकदम डोळे उघडून म्हणाल्या, "आता चूप झालं. तुमी काय केलं?"

"कायी नाई. ब्रेकले पाय लावला, उतार हाय म्हनून."

"सोडा बरं."

त्यांनी सोडला. खडखड.

"लावा."

त्यांनी पाय नुसता टेकवला. ट्रक तसाच चालत होता, खाचखळगे तेच होते, आणि आवाज मात्र गप्प.

"पुन्यांदा," काका म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांनी गाडी थांबवली आणि काकूंकडे पाहून असे काही हसले की मी खिडकीबाहेर बघू लागले.

"शॉकर नाई ना बेरिंग नाई," ते म्हणाले. "ब्रेकच ढिला हाय."

मिस्त्रीने त्या दिवशी चाक काढलं. मीही बघायला गेले होते. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती असते, तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा तो कॅलिपर. तो जागेवर घट्ट बसलेला हवा. मिस्त्रीने नुसता हात लावला तर तो डगडग हलला. त्याला धरणारी खालची पिन आटे सोडून निम्मी बाहेर आली होती, वरची झिजून बारीक झाली होती. आतल्या पॅडना दाबून धरणारी स्प्रिंगची पत्ती तर जागेवर नव्हतीच. म्हणून खड्ड्यात सगळं वाजायचं, आणि ब्रेक लावला की चिमटा आवळला जाऊन गप्प व्हायचं.

"काकाजी, ये तो किसी दिन निकल ही जाता," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. मग म्हणाला, "अभी कस देता हूँ, काम चल जाएगा."

काकांना दोन्ही वाक्यं ऐकू गेली नव्हती. त्यांनी कॅलिपरवर तळवा ठेवला आणि मिस्त्रीला खुणेनं तो हलवायला सांगितला. बराच वेळ हात तसाच ठेवून होते.

"इतकं हालून राहिलं होतं," ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "आन मले हातालेबी नाई समजलं."

काकूंनी त्यांना मिस्त्रीचं म्हणणं सांगितलं. "कसू नको," काका मिस्त्रीला म्हणाले. "पिना नव्या टाक. पत्त्या नव्या टाक. आन दुसऱ्या चाकाचंबी उघड." दुसऱ्या चाकाचीही एक पत्ती सैल निघाली.

नव्या पिना-पत्त्या रायपूरहून यायच्या होत्या. तोवर ट्रक विटांवर उभा राहिला आणि काका पायरीवर बसून राहिले. कोणी काम घेऊन आलं की हात हलवून परत पाठवायचे. एका संध्याकाळी मी काकूंकडे विरजण मागायला गेले होते, तेव्हा ते माझ्यासमोरच म्हणाले, "मी आता नाई चालवत गाडी."

काकूंनी सांडशी खाली ठेवली. "मंग ड्रायव्हर ठेवू."

"ड्रायव्हर कायले? तुले कान हाय, डोये हाय. हातपाय बी हाय."

"अवो माय! मायं वय त पाहा!"

"ट्रकचं कोनतं कमी हाय?"

मला वाटलं, गंमत चालली आहे. पण पिना आल्या, पत्त्या आल्या, चाकं बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच मोकळ्या प्लॉटवर काकू ट्रक शिकू लागल्या. गल्लीतली पोरंसोरं, गुराखी, कोचिंग क्लासला जाणाऱ्या मुली, सगळे कुंपणाशी उभे राहून बघायचे. काका ओरडायचे, काकू त्याहून मोठ्याने ओरडायच्या. मोकळ्या प्लॉटवर ते खपूनही जायचं; काकांना ऐकवायचं तर ओरडावंच लागायचं. लायसन्सच्या परीक्षेत काकू एकदा नापास झाल्या, गाडी मागे घेताना. दुसऱ्या वेळी पास झाल्या आणि येताना दुर्गहून पेढे घेऊन आल्या.

त्यानंतरची वर्षं मला फार आवडतात आठवायला. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि काकू स्टिअरिंगवर. डावीकडे काका. लोक वळून वळून बघायचे. काका ओळखीच्यांना मंत्र्यासारखा हात करायचे. कोणी म्हटलं, "काय काका, बाई गाडी चालवून राहिली!" तर ते म्हणायचे, "हो, उद्या चरोद्याले." खरंच ऐकू आलं नाही की काय, देव जाणे.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तुमच्याही आली असती. इतकी वर्षं रस्त्यावरून जाऊन त्यांनी रस्ता पाहिलाच नव्हता. सगळा जीव मागचं दाखवणाऱ्या आरशात आणि गुडघ्यावरच्या टिचकीत. आता ते खिडकीला टेकून बसायचे आणि घरी आल्यावर आम्हाला बातम्या द्यायचे. "उतईच्या तलावात कमळं आले." "चरोद्याच्या रेल्वे फाटकापाशी कोनी नवीन गुलमोहर लावला हाय, जगते वाटते." बोलताना चेहरा असा सैल झालेला असायचा, जसा मी आधी कधी पाहिला नव्हता.

एका हिवाळ्यात, दुपारी अंगणात खाटेवर ऊन घेत असताना ते गेले. काकू आत भाजी निवडत होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांना वाटलं, झोपले आहेत.

तेरवी झाल्यावर थोड्याच दिवसांनी काकू आमच्या फाटकात आल्या. सेक्टरमधल्या एका फोरमन साहेबांचं क्वार्टर खाली करायचं होतं. "यायनं शब्द देला होता त्यायले," त्या म्हणाल्या. "येतं का माया संगं?"

फोरमन साहेब महिनाभर अमरावतीला होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. दाराबाहेर येऊन त्यांनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. "वहिनी, ते कुठं आज?"

"ते गेले, भाऊजी."

साहेब म्हणाले, "मंग तुमी कावून आल्या? मी दुसरी गाडी पाहिली असती ना."

"सामान चढवा, भाऊजी," काकू म्हणाल्या.

सामान चढलं. शेवटी फोरमन साहेबांच्या बाई तुळशीची कुंडी घेऊन ट्रकजवळ आल्या आणि कुठे बसावं ते न कळून थांबल्या. मी मध्ये सरकले. काकूंनी माझ्यावरून हात लांब करून डावं, काकांच्या बाजूचं दार उघडलं, सीटवरची धूळ पदराने पुसली.

"या बाई, इथं बसा," त्या म्हणाल्या. "इथून बाहेरचं चांगलं दिसते."

बाई चढल्या. कुंडी मांडीवर नीट घेतली आणि काच खाली केली.