तर्रीचं पथ्य

दुसरा झटका आला तेव्हा वामनरावांचा रिपोर्ट माझ्या टेबलावर होता. कोलेस्टेरॉल चांगलं उतरलं होतं आणि मी सकाळपासून त्या कागदावर खूश होतो. संध्याकाळी त्यांचा धाकटा भाऊ नामदेव सायकल हाणत आला. म्हणाला, "साहेब, भाऊचं बोलणं बंद झालं."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नंदनवन वस्तीत माझा दवाखाना नवा होता. वामनराव कोष्टी, जन्मभर हातमागावर लुगडी विणलेले. वर्षभरापूर्वी मागावर बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात लुळा पडला. लोक याला लकवा म्हणतात, आम्ही स्ट्रोक म्हणतो. मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबते. वामनराव त्यातून निभावले, काठी घेऊन चालू लागले. पण एकदा झटका आलेल्याला दुसरा येण्याची भीती असते. तो टाळणं हे माझं काम.

त्या वेळी हाताशी फार काही नव्हतं. रक्तदाबाची गोळी होती आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या क्लोफायब्रेटच्या कॅप्सूल होत्या. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातली चरबी. ती नळीच्या आत थर धरते. चरबी कमी केली की नळी तुंबणार नाही, असा आमचा सरळ हिशेब. जोडीला पथ्य: तेल, तूप, अंडी, मटण बंद. हे मी वामनरावांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, जरा दरडावूनच सांगितलं. रश्श्यावर तेलाचा लाल तवंग, म्हणजे तर्री, नसेल तर त्यांच्या घरी त्याला भाजीच म्हणत नसत. तिथे गोड बोलून काय होणार होतं?

बाईंनी पथ्य असं पाळलं की मीच चाट पडलो. एका घरात दोन भाज्या करणार नाही म्हणाल्या. सगळं घर उकडलेला दुधी खाऊ लागलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गल्लीभर मसाल्याचा वास सुटला, तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली. वामनराव तपासणीला आले की माझ्याजवळ गाऱ्हाणं मांडायचे.

"साहेब, मी जेवून राहिलो का दवाई खाऊन राहिलो, समजतच नाही. एखांद दिवस पाटोडीचा रस्सा तरी खाऊ द्या."

पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, झणझणीत रश्श्यात सोडलेल्या. मी म्हणायचो, रिपोर्ट चांगला येऊ द्या, मग बघू. रिपोर्ट चांगला आला, आणि त्याच दिवशी नामदेव सायकलवर आला.

आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. या वेळी बोलण्याबरोबर गिळणंही गेलं होतं. आठवडाही निघाला नाही, ते गेले.

कौशल्याबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या.

"साहेब, माह्या हातून काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही, असं मी सांगितलं.

"मंग काहून आला झटका?" त्या हळूच म्हणाल्या, "भाचीच्या लग्नात त्याइनं बुंदीचा लाडू खाल्ला होता. मी पाहून गप राहिली."

मला फार वाईट वाटलं. एका लाडवाने कुणाला लकवा होत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. औषधाने चरबी उतरली होती तरी झटका थांबला नव्हता, आणि त्याचं कारण मलाही ठाऊक नव्हतं. असं पेशंटच्या घरच्यांपुढे कबूल करायची तेव्हा डॉक्टरांत पद्धत नव्हती. मी केलं. आमच्या औषधालाच जमलं नाही बाई, म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण डोक्यातला लाडू काही गेला नाही.

तेरवीला मी गेलो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढून अंगणात ठेवायची त्यांच्यात रीत होती. कौशल्याबाईंनी पान आणून ठेवलं. कोरडा भात, फिकं वरण, उकडलेला दुधी. जमलेले पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी नामदेव म्हणाला, "वहिनी, भाऊले हे आवडे का कधी?"

बाई पानाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, आता देऊ का त्याइले?"

"द्या," मी म्हणालो, "तर्रीसकट द्या."

घरात रस्सा केलेलाच नव्हता. त्या आत गेल्या, चूल पुन्हा पेटवली, जवसाच्या तेलात मसाला परतायला घेतला. भुकेलेले पाहुणे ताटकळत बसले, पण कुणी कुरकुर केली नाही. वर्षभरात पहिल्यांदाच त्या घरातून तो वास आला. पाटोड्या रटरटत असताना आतून त्यांच्या रडण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

क्लोफायब्रेट नंतर मागे पडलं. आता त्याहून चांगल्या गोळ्या आहेत. दुसऱ्या झटक्याची भीती त्या खरंच कमी करतात, आणि मी त्या आग्रहाने देतो. पण कमी करतात, संपवत नाहीत. हे मी पहिल्याच दिवशी सांगतो, आणि पेशंटपेक्षा त्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोनदा सांगतो. औषध हरलं, की ती स्वतःच्या हाताला दोष देत बसते.