उणे दोन मीटर उंचीचा पूल

माझे वडील आरोग्य सेवक होते. त्यांची बदली भामरागडला झाली आणि सिंदेवाहीची शाळा सोडून मी तिथल्या आठवीत बसले. गणिताचे सर नुकतेच शहरातून आले होते. चाचणीत त्यांनी पुस्तकातलं एक उदाहरण घातलं: नदीचं पाणी पाच मीटर उतरलं, तेव्हा पूल पाण्याच्या तीन मीटर वर आला, आधी तो क्ष मीटर वर होता, तर क्ष किती?

मी मांडलं, क्ष अधिक पाच बरोबर तीन. उत्तर, उणे दोन.

सरांनी त्यावर लाल फुली मारली. वर्गाला म्हणाले, "पुस्तकात छपाईची चूक आहे. पाच आणि तीन यांची अदलाबदल करा. उत्तर दोन. उंची कधी उणे असते का?"

सगळ्यांनी खोडून दोन लिहिलं. मी लिहिलं नाही.

"खोड ते," सर म्हणाले.

"नाई खोडणार, सर. पूल पाण्याखाली होता."

वर्ग हसला. सरांनी मला दाराबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशीही केलं आणि तिसऱ्याही. पाय दुखत, डोळे भरून येत. पण खोडरबर हातात घ्यायचं म्हटलं की अंगात कसा राग उसळायचा! दर पावसाळ्यात गावच्या नदीवरचा पूल बुडायचा, आल्या आल्या मीही तो बुडालेला पाहिला होता. गावातलं शेंबडं पोरही ते पाहत होतं. मग क्ष उणे का असू नये?

घरी कळलं तेव्हा वडील चिडले. "सरांसंगं काऊन भांडून राह्यली तू?" मी वही पुढे केली. त्यांनी उदाहरण दोनदा वाचलं. पूल बुडाला की औषधांची पेटी मांडीवर घेऊन ते डोंग्यातून, लाकडी होडीतून, पलीकडे जायचे, त्या पाण्याची त्यांना पुरती ओळख होती. म्हणाले, "मले गणित नाई समजत. पण पूल बुडते, हे समजते. जा, मोठ्या बाईंले दाखव."

मुख्याध्यापिका बाईंनी सरांना बोलावलं आणि मला फळ्यापाशी उभं केलं. मी समीकरण लिहिलं. मग उत्तर परत समीकरणात घातलं: उणे दोन अधिक पाच, तीन. बाई सरांकडे वळल्या. "यात चूक कुठं आहे, सर?"

 सर म्हणाले, "मी या नदीला पूर आलेला अजून पाहिला नाही." माफी मागितली नाही, पण गुण दिले.

वर्षभर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. प्रगतिपुस्तकात गणिताला वर्गात सर्वांत जास्त गुण होते आणि शेऱ्यात एकच शब्द होता, 'उद्धट'. आई घाबरली. वडिलांनी शेरा मोठ्यानं वाचला, खिशातला पेन काढला आणि त्याच्या अगदी खाली, नेहमीपेक्षा मोठी सही केली.