एक झाड, दोन परीक्षक

उपप्राचार्य बाईंनी आम्हा दोघांना एकाच वेळी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मला वाटलं शिपायानं निरोप चुकीचा दिला असणार. एक मी, वनस्पतिशास्त्र शिकवणारी, निवृत्ती जवळ आलेली. दुसरे इतिहासाचे सर, माझ्याहून बरेच लहान, दादरहून मोटरसायकलवर येणारे. परळच्या त्या कॉलेजात इतकी वर्षं एकत्र असूनही आमचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापलीकडे कधी गेलं नव्हतं.

"यंदापासून सेकंड इयरच्या प्रत्येक मुलाला आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागणार आहे," बाई म्हणाल्या. "कॉमर्सच्या मुलांसाठी विषय कमी पडतायत. तुम्ही दोघं मिळून एक द्या."

"मिळून म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे इंटरडिसिप्लिनरी."

"म्हणजे एक तास मॅडमचा, एक माझा?" सरांनी विचारलं.

"तसं नाही हो. एकच विषय. दोघांचा."

आम्ही बाहेर आलो आणि व्हरांड्यात नुसते उभे राहिलो. नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्याकडे वनस्पतिशास्त्र घेणारी मुलं दरवर्षी कमी होत होती, सरांकडेही तीच गत. हा विषय घेतला नसता तर आमचे तास भरले नसते. शेवटी सरांनीच नाव सुचवलं, 'शहरातली झाडं'. "झाडं तुमची, शहर माझं," ते म्हणाले. त्या वेळी ही वाटणी मला फारच सोपी वाटली.

घरी गिरगावात यजमानांना सांगायला गेले. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना प्रत्येक गोष्ट नीट समजून घ्यायची असते. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, त्याशिवाय हा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे शाखेबाहेरचा, आणि हे सगळे वेगवेगळ्या बास्केटमध्ये, म्हणजे गटांमध्ये असतात, असं मी सांगत गेले. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हा मुलगा शेवटी होणार कोण?" दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न ऑफिसात विचारला. तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आम्हाला फक्त क्रेडिट भरायची आहेत."

वर्गात सगळी अकाउंट्सची मुलं. पहिल्या दिवशी मी पानांचे आकार काढून दाखवले, तर अर्ध्या वर्गानं फळ्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि वही मिटून ठेवली. पुढच्या तासाला सरांनी गिरण्यांचे दिवस सांगितले, वस्ती कशी वाढली, रस्ते कसे रुंद झाले. त्याच्या पुढच्या तासाला आम्ही दोघंही एकदम वर्गात गेलो, कारण टाइमटेबलवर दोघांची नावं होती. एक मुलगी उठून उभी राहिली. लालबागची, पहिल्या बाकावर बसायची, पण बोलायची क्वचित.

"मॅडम, परीक्षेला कोणाचं येणार? तुमचं की सरांचं?"

"दोघांचं," मी म्हटलं.

"एकाच प्रश्नात?"

सर हसले. आम्ही स्टाफरूममध्ये जाऊन त्यावर बोललो आणि ठरवलं की लेखी परीक्षा सोपी ठेवायची, जास्त गुण प्रकल्पाला द्यायचे. प्रत्येकानं आपल्या घराजवळचं एक झाड निवडायचं आणि त्याच्यावर लिहायचं. दोघांनी वेगवेगळं तपासायचं, मग गुण जुळवायचे. जुळतीलच असं आम्ही गृहीत धरलं होतं.

बहुतेकांचे जुळलेही. कारण बहुतेकांनी इंटरनेटवरून उतरवलं होतं आणि ते आम्हा दोघांनाही कळलं. राहिला तो लालबागच्या त्या मुलीचा प्रकल्प. 'आमच्या चाळीतला पिंपळ'. चौकातल्या त्या झाडाखाली कोण बसायचं, गिरणीसंपाच्या काळात तिथे काय बोलणी व्हायची, शनिवारी दिवा कोण लावतं, लग्नाचा मांडव झाडाच्या कोणत्या बाजूला पडतो, हे सगळं तिनं चाळीतल्या माणसांना विचारून लिहिलं होतं. सोबत स्वतः काढलेले फोटो.

सरांनी तीसपैकी सव्वीस दिले होते. मी अकरा.

"अकरा?" सर माझ्या टेबलापाशी येऊन उभेच राहिले. "मॅडम, अख्ख्या वर्गात एवढंच एक खरं काम आहे."

मी त्यांना फोटो दाखवला. पानांच्या मागे एक पिवळं फूल अर्धवट दिसत होतं, मध्याशी गडद लाल. "पिंपळाला असं फूल येत नाही, सर. पिंपळाचं फूल दिसतच नाही, फळाच्या आत असतं. आणि पानाला ती लांब शेपटी कुठे आहे? हे भेंडीच्या, जास्वंदीच्या कुळातलं झाड आहे. झाडावर प्रकल्प लिहायचा आणि झाडच चुकायचं, तर मी गुण कशाला देऊ?"

"पण माणसं त्याला पिंपळ म्हणतात ना? पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. मग माझ्यासाठी तो पिंपळच."

"तुमच्यासाठी असेल. झाडासाठी नाही."

दोघंही रागावलो नव्हतो, पण दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं खरोखरच कळत नव्हतं. उपप्राचार्य बाईंकडे गेलो तर त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. "पोर्टलवर एकच चौकोन आहे. एकच आकडा टाका. कसा काढायचा ते तुम्ही ठरवा."

"झाड बघून येऊ," सर म्हणाले.

शनिवारी सकाळी आम्ही लालबागला गेलो. मुलीला आधी कळवलं होतं, ती चाळीच्या तोंडाशी घ्यायला आली. चेहरा पडलेला. चौकात शिरलो आणि मला लांबूनच दिसलं. छान डेरेदार, जुनं झाड. खाली फरशीवर सुकलेली फुलं पडलेली होती, पिवळी आणि काही गुलाबीसर, कारण हे फूल कोमेजताना रंग बदलतं. बुंध्याशी शेंदूर लावलेला होता, पणती होती, उदबत्तीची काडी होती.

सरांनी एक फूल उचललं आणि माझ्या हातात दिलं. मग मुलगीच म्हणाली, अगदी हळू आवाजात, "मॅडम, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की हा पिंपळ नाही. तुम्ही पानं शिकवलीत ना, त्याच दिवशी घरी येऊन बघितलं मी. मग फुलाचा फोटो ॲपवर टाकला. त्यानंही वेगळंच नाव दाखवलं."

"मग लिहिलं का नाहीस?"

तिनं वरच्या गॅलरीकडे पाहिलं. "चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. बिल्डरला चौक मोकळा हवाय. आई कमिटीत आहे, ती सगळ्यांना सांगते की पिंपळ आहे, तोडायचा नाही. पिंपळाला कोणी हात लावत नाही, सर. कामगारसुद्धा नाही लावत. हा पिंपळ नाही असं मी लिहिलं आणि ते कोणी वाचलं, तर?"

सरांनी विचारलं, "तुझा कॉलेजचा प्रकल्प इथे कोण वाचणार?"

"आईनं वाचला. मग सेक्रेटरी काकांनी वाचला. मग सगळ्यांनीच वाचला."

एवढ्यात तिची आई खाली आली, तिच्या मागे ते सेक्रेटरी काका. आईनं दोन्ही हात जोडले. "या ना मॅडम, सर या. वर चला, चाय घेऊया." मग लेकीला मालवणीत खुर्च्या आणायला सांगत, "गो, असां काय उभी रवलंस? खुर्चे हाड." आणि लगेच पुन्हा माझ्याकडे, "तुमचं लय नाव घेते ही. तुम्ही झाडांच्या ना? बरं झालं आलात. ह्यांना जरा सांगा."

सेक्रेटरी काका पुढे झाले. गृहस्थ सभ्य होते, पण दमलेले दिसत होते. "मॅडम, आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात. काही जण म्हणतात, ते फूल-बिल बघता पिंपळ वाटत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. एकदा सांगून टाका. हा पिंपळच ना?"

गॅलरीतून दोनतीन माणसं वाकून ऐकत होती. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. सर मात्र बघत होते.

एवढी वर्षं मी हेच काम करत आले. मुलं फांदी आणून समोर ठेवतात, मी नाव सांगते. मी झाडाच्या सालीवर हात ठेवला, उगाचच, वेळ काढायला.

"याला परसपिंपळ म्हणतात," मी म्हटलं.

"म्हणजे पिंपळच!" आई म्हणाली.

"परसपिंपळ," मी पुन्हा म्हटलं, जरा स्पष्ट. "मुंबईत जुनी झाडं आहेत याची. झाड निरोगी आहे. अजून पुष्कळ वर्षं जगेल."

पण 'परस' कोणी ऐकलंच नाही. गॅलरीतून कोणीतरी आत वळून ओरडलं, "कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, पिंपळच आहे!" सेक्रेटरी काकांनी सुटकेचा श्वास टाकला. मी खोटं बोलले नव्हते. पुस्तकात हे नाव आहे, याच झाडाचं भेंडी हेही नाव आहे, दोन्ही बरोबर आहेत. त्यातलं कोणतं सांगायचं ते मी निवडलं होतं, इतकंच. ते का निवडलं, हे मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं.

चहा झाला. खोबऱ्याची वडी झाली. खाली उतरल्यावर सर मोटरसायकलपाशी थांबले. त्यांचा चेहरा मला कळेना.

"मी तिचे गुण कमी करणार," ते म्हणाले.

"आता? आता तर ती..."

"मॅडम, तिच्याकडे पुरावा होता आणि तो तिनं गाळला. चाळीत दोन मतं आहेत, तेही तिला माहीत होतं, तेही गाळलं. सगळे जण एकच बोलतात असं दाखवलं. आमच्या विषयात याला माफी नाही. मी चौदा देईन."

"आणि मी बावीस देणार," मी म्हटलं. हे बोलून होईपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. "माझ्या वर्गात बसून एका कॉमर्सच्या मुलीनं पान बघितलं, शंका घेतली, फूल शोधलं. आणखी काय हवंय मला?"

"पण लिहिलं नाही तिनं."

"लिहिलं नाही. पण ओळखलं."

सर हसायला लागले, मग थांबले. "आणि तुम्ही चौकात काय केलंत?"

"खरं नाव सांगितलं."

"हो. सांगितलंत खरं." एवढं म्हणून त्यांनी हेल्मेट चढवलं. त्यांना ते पटलं होतं की नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही.

बसमध्ये बसून मी भायखळ्यापर्यंत हाच विचार करत होते. सकाळी निघताना मी झाडाच्या बाजूनं होते आणि सर माणसांच्या. येताना बहुधा उलट झालं होतं. की दोघंही होतो तिथेच होतो? खिडकीशी बसलेल्या बाईंनी दोनदा विचारलं, "ताई, उतरणार का?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी त्यांची वाट अडवून बसले होते.

सोमवारी आम्ही नवे आकडे घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी जुना कागद काढला, नवा शेजारी ठेवला, कॅल्क्युलेटरवर बोटं मारली.

"आधीची सरासरी साडेअठरा. आताची अठरा," त्या म्हणाल्या. "मग एवढं लालबागला कशाला गेला होतात?"

आम्ही दोघं त्यांच्यासमोर उभे राहिलो, पहिल्या दिवशी राहिलो होतो तसेच. बाईंनी जुनीच सरासरी धरली, अर्धा गुण मुलीच्या बाजूनं पूर्ण केला आणि चौकोनात एकोणीस टाकले.

मुलीला मी स्वतः सांगितलं. वाटलं होतं तिला वाईट वाटेल, तेव्हा समजावून सांगायची तयारीही केली होती, सरांनी का कमी केले, मी का वाढवले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दोघांनाही थोडं थोडं आवडलं," ती म्हणाली.

"तसं नाही गं. म्हणजे, हो. तसंच."

"मग पुढच्या वेळी मी दोन्ही लिहू? लोक काय म्हणतात ते, आणि झाड कोणतं ते? आणि आईनं विचारलं तर?"

मी म्हटलं, आईला आधी तूच सांग, मग लिही. ती मान हलवून गेली. सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही. चाळीच्या मीटिंगा अजून चालूच आहेत. बिल्डर बदलणार असं ती मधे म्हणत होती. झाडाच्या रस्त्याकडच्या फांद्या तेवढ्या छाटल्या आहेत.

आमचा विषय पुढच्याच वर्षी बंद झाला, कारण नियमात त्याची बास्केट बदलली. सर आता अर्थशास्त्राच्या मॅडमबरोबर काहीतरी शिकवतात. मला मानसशास्त्राबरोबर जोडलं आहे. विषयाचं नाव दोनदा बदललं, तिसरं ठरायचं आहे.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात स्टाफरूमच्या दाराशी आली आणि विचारलं, कॉमर्सला राहून पुढे वनस्पतिशास्त्रात काही करता येईल का. मी ऑफिसात विचारलं, तिथे हो म्हणाले. उपप्राचार्य बाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. विद्यापीठाच्या हेल्पलाइनवर फोन लावला, तिथल्या मुलानं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्टुडंट आहात का?" मी नाही म्हटलं, तर तो म्हणाला, स्टुडंटनाच फोन करायला सांगा. तिनं फोन केला, तर तिला सांगितलं, आधी कॉलेजात विचारा.

मी तिला थांब म्हटलं आहे. कशासाठी थांब, ते मलाही नीट माहीत नाही. तोवर ती मोकळा तास असला की माझ्या प्रॅक्टिकलला येऊन मागच्या टेबलाशी बसते. हजेरीत तिचं नाव नाही. मायक्रोस्कोप मात्र ती सगळ्यांच्या आधी लावून ठेवते.