शनिवारची वही

संयोगिता पोवार मॅडमांशी माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. मलकापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवतो, त्या इंग्रजी. बाई फटकळ. माझ्या डब्यातल्या भाजीपासून फळ्यावरच्या अक्षरापर्यंत त्यांनी काही सोडलेलं नाही. तरी त्यांच्याविषयी लिहायला बसलोय, कारण गेल्या जानेवारीत स्टाफरूममध्ये जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि गावात भलतंच सांगितलं जातंय.

त्यांचं लग्न बारावी झाल्या झाल्या झालं. "जमलं तर शिक की पुढं," असं सासरे म्हणाले होते. ते जमवायला बाईंना अकरा वर्षं लागली. म्हशींच्या धारा काढत, दोन पोरं वाढवत त्या एम.ए. आणि बी.एड. झाल्या. 'जमलं तर' हे दोन शब्द त्या अजून शिवी दिल्यासारखे उच्चारतात.

बारावीच्या वर्गाला त्यांनी एक काम लावलंय. दर शनिवारी प्रत्येकानं आपल्या पुढच्या आयुष्याबद्दल पाच इंग्रजी वाक्यं लिहायची, 'व्हेन' नाहीतर 'इफ'नं सुरू होणारी, आणि सोमवारी वडिलांची सही घेऊन वही दाखवायची. पोरं हमखास 'व्हेन आय विल पास' लिहितात. मॅडम तो 'विल' लाल पेनानं उडवतात. "पास झालास असं धर आणि साध्या वर्तमानकाळात लिव," त्या म्हणतात. "विल पुढच्या अर्ध्यात. मग काय करणार ते तिथं सांग." मला हे शिकवणं आवडायचं, पण कबूल कोण करणार?

जूनमध्ये पहिल्या वह्या तपासताना त्यांचं लाल पेन एकदम थांबलं. पोवार मॅडमांचं लाल पेन थांबलं ही आमच्याकडे बातमी असते. मग त्यांनी सात-आठ वह्या माझ्यासमोर टाकल्या. सगळ्या मुलींच्या. प्रत्येकीनं लग्नाला 'व्हेन' लावलेलं आणि बारावीनंतरच्या कॉलेजला 'इफ'. लग्न होईल तेव्हा, कॉलेज जमलं तर. कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नव्हतं.

"बघितलासा का सर, घरातनंच शिकून आल्यात," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं की या वहीत कॉलेजला 'व्हेन' लागेल आणि लग्नाला 'इफ'. मी म्हटलं, असा नियम कुठल्या व्याकरणात नाही. "माझ्या वर्गात हाय," त्या म्हणाल्या.

त्या वर्गात अनुजा खोत होती. तिचे वडील अमरसिंह खोत गावच्या दूधसंस्थेचे चेअरमन. सेक्रेटरी बोट ठेवील तिथं ते सही ठोकतात, ऐटदार, खाली दोन ठिपके. सही म्हणजे शब्द, आणि वाचल्याशिवाय आपण सही करत नाही, हे ते प्रत्येक सभेत ऐकवतात. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, हे मात्र ते घरातसुद्धा बोलले नव्हते. अनुजा दर रविवारी वही पुढं करायची, बोट ठेवायची, आणि सही व्हायची.

जानेवारीत एका रविवारी तिला बघायला वारणानगरहून पाहुणे आले. मुलगी पसंत पडली, वैशाखात बार उडवायचं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात चहाचा ट्रे खाली ठेवून अनुजा म्हणाली, "परीक्षा झाल्यावर मी नर्सिंगला कोल्हापूरला जाणार हाय. पप्पांना म्हायती हाय." पाहुणे कप अर्धे ठेवून उठले.

सोमवारी पहिल्या तासालाच खोत स्टाफरूममध्ये आले. आम्ही पाच जण होतो. कुणाकडेही न बघता ते थेट मॅडमांच्या टेबलापाशी गेले.

"पोरीच्या डोक्यात काय भरवलंय मॅडम तुम्ही? पावण्यांदेखत खोटं बोलली. म्हणं पप्पांना म्हायती हाय."

"खोटं न्हाय बोलली," मॅडम बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुम्हास्नी जूनपासनं म्हायती हाय."

त्यांनी अनुजाला वहीसकट बोलावून घेतलं. पानं उलटून दाखवली. प्रत्येक पानाखाली सही, दोन ठिपके.

"तुमचीच न्हवं?"

"माझीच की."

"मग काय शब्द दिलाय तो ऐका."

अनुजा एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागली. बारावी पास झाल्यावर मी कोल्हापूरला जाईन. नर्स झाल्यावर आईचं बीपी मी तपासेन. लग्न झालं तरी नोकरी सोडणार नाही. खोत रुमालानं मान पुसत होते. न वाचता सही केली म्हणावं, तर संस्थेच्या कागदांचं काय, हे आम्हा पाचांच्याही डोक्यात आलं असणार. ते वही फाडतात की काय, अशी मला धास्ती वाटली.

"ह्या शेवटच्या पानावर सही न्हाय," ते म्हणाले.

"काल पावणं होतं. घ्यायची ऱ्हायली," अनुजा म्हणाली.

"काय लिवलंय?"

अनुजानं मॅडमांकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. हे तिचं तिनंच सांगायचं होतं. पोरीनं वही टेबलावर ठेवली आणि सरळ वडिलांकडे बघितलं.

"पप्पा न्हाय म्हणाले, तरी मी जाणार."

खोतांनी वही हातात घेतली आणि न वाचता येणारी ती ओळ बराच वेळ बघितली. त्यांच्या आयुष्यात कुठल्या कागदाकडे ते इतका वेळ बघत बसले नसतील.

"मी न्हाय म्हणतच न्हाय," ते शेवटी म्हणाले. "मग ही वळ कशाला? खोडा ती."

"खोडायची न्हाय," मॅडम म्हणाल्या. "वाक्य बरोबर हाय. सही करा."

त्या क्षणी मला बाईंचा अभिमान वाटला. त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

खोतांनी खिशातून पेन काढलं. सवयीनं अनुजानं बोट पुढं केलं, तर त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"बोट नको," ते म्हणाले. "कुठं करायची ते कळलंय मला."