पंचनाम्यावरची सही

सोलापुरात माझं शिवणकामाचं दुकान एका पोलीस चौकीच्या समोर होतं. मधे फक्त रस्ता आणि एक कडुलिंब. तीस सालच्या मार्शल लॉच्या दोन-अडीच वर्षं आधीची ही गोष्ट. चौकीतल्या शिपायांचे डगले शिवायला, उसवायला, ढिले करायला माझ्याकडेच यायचे, त्यामुळे त्या जागेचा मला फायदाच होता. चौकीच्या जमादाराचं माप तर मला तोंडपाठ होतं. माणूस टापटिपीचा. रोज दाढी, मिशीला तेल, खिशात वेलदोडे. डगल्याच्या पाठीवर एक सुरकुती दिसली तरी परत घेऊन यायचा. बोलणं हळू आणि गोड. त्याच्या काखेखालून टेप घालताना मला कधी काही वाटलं नाही. आता ते आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

चौकीतून अधूनमधून ओरडणं ऐकू यायचं. ते साऱ्या पेठेला ऐकू यायचं. आमच्या मागच्या बोळात तेलुगू बोलणारी विणकरांची घरं होती, तिथल्या बायका आवाज आला की पोरांना आत ओढून दार लावून घ्यायच्या. शेजारचा किराणा दुकानदार तराजू हातात तसाच धरून कानडीत काहीतरी पुटपुटायचा आणि पुन्हा वजन करायला लागायचा. मी काय करायचो, तर मशीन जोरात चालवायचो. पायडल भराभर मारलं की खडखडाटात दुसरं काही ऐकू येत नाही.

थंडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा मंगळवारच्या बाजाराला मंगळवेढ्याकडचा एक धनगर घोंगड्या विकायला यायचा. चाळिशीचा, बुटका, अंगानं काटक. बाजार संपला की उरलेल्या घोंगड्या माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि भाकरी खायचा. लहानपणी लांडग्यानं त्याचा डावा हात धरला होता. हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं आणि हात आखूड राहिला. त्याला मी एक सदरा शिवून दिला होता, त्याची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं कमी ठेवली होती. तो घालून पाहिल्यावर त्यानं दोन्ही हात पुढे केले, बाह्या मनगटाशी बरोबर बसलेल्या बघितल्या आणि म्हणाला, "आजवर कुनी असं शिवलं न्हाय बगा. लई ब्येस." त्यानंतर बाजाराला येताना तो तोच सदरा घालून यायचा.

अशाच एका मंगळवारी तो कट्ट्यावर भाकरी खात होता. दोन शिपाई रस्ता ओलांडून आले. त्यातला एक दखनी बोलायचा. तो म्हणाला, "ए, उठ. साब बुलारे."

"कशापायी?" त्यानं विचारलं.

"चल तो सही."

पेठेतल्या एका वकिलाच्या घरातून चांदीची भांडी गेली होती. महिन्यापूर्वी हा त्या घरी घोंगड्या दाखवायला गेला होता, एवढंच त्याचं चोरीशी नातं. तो उठला, हात धोतराला पुसले आणि मला म्हणाला, "मास्तर, घोंगड्याकडं जरा ध्यान ठेवा. आलोच मी."

संध्याकाळी मी चौकीत गेलो. जमादार वेलदोडा सोलत होता. "दोन प्रश्न विचारायचेत," तो म्हणाला. "सकाळी सोडतो. तुमचा कोण लागतो?"

"कुणी नाही. गिऱ्हाईक आहे."

"मग झालं तर."

बुधवारी दिवसभर आवाज येत होता. मी दिवसभर मशीन चालवलं. दुपारनंतर आवाज थांबला, तेव्हा मला बरं वाटलं. हे मी लपवून ठेवणार नाही. मला बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतोय तोच शिपाई आला. "मास्तर, चला. पंच पाहिजेत." शेजारच्या किराणा दुकानदारालाही त्यानं घेतलं. आम्ही दोघं चौकीचे नेहमीचे पंच होतो. दारूची बाटली सापडली, मारामारीतली काठी सापडली, की आम्हाला हाक. काय लिहिलंय ते न वाचता सही करायची आम्हाला सवय होती.

कोठडीत फिनेल ओतलं होतं. त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता, त्याला मी नाव देत नाही. धनगर जमिनीवर निजवलेला होता. खिडकीच्या गजाला एक पागोटं बांधलेलं होतं, त्याचं टोक कापलेलं. जमादारानं सांगितलं, की रात्री यानं स्वतःच्या पागोट्यानं गळफास घेतला. चोरी अंगाशी येणार हे कळल्यावर घाबरला असेल. कारकून मांडी घालून मोडीत लिहीत होता, आणि जमादार त्याला हळू, स्वच्छ आवाजात सांगत होता. "अंगात पांढरा सदरा, धड स्थितीत. अंगावर मारहाणीची खूण नाही."

मी सदरा बघितला. तो धड होताच. नवाच होता. दोन्ही बाह्या सारख्या होत्या, आणि डावी बाही त्याच्या बोटांच्याही पुढे लोंबत होती. तो मी शिवलेला सदरा नव्हता. याला कुणीतरी मेल्यानंतर दुसरा सदरा घातला होता आणि गुंड्या नीट गळ्यापर्यंत लावल्या होत्या. मग मी पाय बघितले. तळवे सुजून काळेनिळे पडले होते, कातडी ताणून चकाकत होती.

"जमादारसाहेब," मी म्हणालो, "पाय."

"अनवाणी फिरणारा माणूस, मास्तर. ह्या लोकांचे पाय असेच असतात."

तो जाड वहाणा घालायचा. त्या वहाणा माझ्या कट्ट्याखाली पडलेल्या होत्या. मी ते बोललो नाही. एवढंच म्हणालो, "गुंड्या काढून पाठ बघायची का?"

जमादार माझ्याकडे बघून हसला. राग नव्हता त्या हसण्यात, लहान मुलाची समजूत घालतात तसं होतं. "तुम्ही पंच आहात. डॉक्टर नाही. आणि तुमचं दुकान समोरच आहे, रोज भेट होणार आपली."

किराणा दुकानदारानं सही केली. मी नेहमीसारखी वळणदार सही केली. मग बाहेरच्या बाकावर आम्हाला चहा दिला, आलं घातलेला. आत तो पडला होता, आणि मी तो चहा पूर्ण प्यालो. कपबशी खाली ठेवताना "बरा झालाय" असंही म्हणालो.

मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर मी निरोप धाडला. त्याची बायको आणि धाकटा भाऊ रविवारी येऊन पोचले. तोवर पोलिसांनी प्रेत बेवारस म्हणून पुरूनही टाकलं होतं. कुठं पुरलं ते सांगायला कुणी तयार नव्हतं. चौकीतून त्यांना दवाखान्यात धाडलं, दवाखान्यातून कचेरीत, कचेरीतून पुन्हा चौकीत. दुपारी ती माझ्या कट्ट्यापाशी आली. वहाणा तिनं लगेच ओळखल्या. खाली बसून त्या पदरात घेतल्या.

"दादा, तुमी आत गेला हुता न्हवं?" तिनं विचारलं. "आमचं कारभारी कसं दिसत हुतं?"

"झोपल्यासारखे," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "दादा, मी मेंढरं सोललेली बगितल्यात. लांडग्यानं फाडलेली बगितल्यात. मला खरं सांगा."

मी खरं सांगितलं. सदरा सांगितला, तळवे सांगितले. दीर तोंड फिरवून कडुलिंबाकडे बघत उभा राहिला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमी सही कशापायी केली?"

मुलंबाळं होती, दुकान समोर होतं, हे सगळं खरं आहे, पण वहाणा मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईसमोर त्यातलं एकही वाक्य मला तोंडातून काढता आलं नाही. एवढंच म्हणालो, "साहेबापुढं उभं केलं तर मी खरं सांगेन."

"आता सांगून माजा मानूस कुटला येतोय," ती म्हणाली. पण जाताना, ठेवलेल्या घोंगड्या दिराच्या खांद्यावर देत त्याला म्हणाली, "ह्यांचं दुकान ध्यानात ठेव."

दिरानं दुसऱ्या पेठेतला एक वकील गाठला आणि अर्ज केला. अर्ज कसाबसा वर गेला, आणि चौकशीला प्रांतसाहेब नेमले गेले. चौकशीच्या आदल्या दिवशी जमादार डगला घेऊन आला. कॉलर जरा घट्ट होते म्हणाला. मी टेप घेतली. त्याची मान हातभर अंतरावर होती, त्यावर पावडर लावलेली. मला अशी किळस आली की टेप हातातून पडली. "दुसऱ्या शिंप्याकडे जा," मी म्हणालो. त्यानं डगला उचलला, झटकला, नीट घडी केली आणि गेला.

प्रांतसाहेबांसमोर किराणा दुकानदार म्हणाला, की त्यानं पंचनाम्यात लिहिलंय तेच पाहिलं. बोलताना त्याच्या नाकावर घाम साचला होता. मग मी बोललो. बाहीचं सांगितलं, मी स्वतः माप घेतलं होतं हे सांगितलं, तळव्यांचं सांगितलं.

"माणसाकडे दुसरा सदरा असू शकत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"चौकीत नेला तेव्हा त्याच्याजवळ भाकरीशिवाय काही नव्हतं, साहेब. आणि पहिला सदरा गेला कुठं?"

"ते आम्ही बघू. पंचनाम्यावर ही सही तुमची?"

"माझी."

"तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

खोलीत कुणीतरी हसलं. "तेव्हा," मी म्हणालो. साहेबांनी ते लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. टाक दौतीत बुडवलेला मी पाहिला, कागदावर टेकलेला पाहिला नाही.

निकाल एका ओळीचा आला. मयतानं आत्महत्या केली, पोलिसांचा दोष आढळत नाही. जमादाराची बदली कुर्डुवाडीकडे झाली, आणि जाताना चौकीत त्याला हार घातले. वकिलाची भांडी कधी सापडली नाहीत. नंतर कुणी शोधलीही नाहीत.

ती बाई निकालाच्या दिवशी एकटीच आली होती. मी तिला ओळ वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "म्हंजी त्येनीच स्वताला मारलं म्हन." आणि रस्त्यावर थुंकली, चौकीच्या दिशेनं, सगळ्यांच्या देखत. शिपाई दारात उभा होता. तो आत गेला. ती गाडीतळाच्या दिशेनं चालू लागली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही.

मला कुणी शाबासकी दिली नाही. काही लोक म्हणाले, कशाला पडलात त्यात. बोळातले विणकर मात्र कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या लेखी मी पोलिसांचा पंचच होतो, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पेठेत मारामारी झाली की लोक आपसात मिटवायचे, चोरी झाली की गप्प बसायचे. गिरणीच्या भोंग्याला कामावर जाणारी माणसं चौकीसमोरचा रस्ता टाळून लांबून वळसा घेऊन जायची. गल्लीत शिपाई दिसला की दारं एकापाठोपाठ एक लागायची.

मार्शल लॉ येऊन गेला, त्यानंतर एका सकाळी माझ्या दुकानाचं कुलूप तुटलेलं दिसलं. मशीन गेलं होतं. मी उंबऱ्यावर बसून होतो. तासाभरात समोरून फौजदार आला. तोच जमादार, आता फौजदार होऊन परत आलेला. पोट थोडं सुटलं होतं, मिशीला अजून तेल होतं.

"मास्तर," तो तसाच गोड बोलला, "फिर्याद द्या. संशय कुणावर आहे तेवढं सांगा. दोन दिवसांत माणूस हजर करतो."

माझ्या डोळ्यांपुढून पेठेतली सगळी गरीब माणसं गेली. हमाल, कचरा उचलणारा, बोळातला बेकार विणकर. यातलं कुणीही चाललं असतं त्याला.

"चोरी नाही झाली," मी म्हणालो. "मशीन मी विकलं."

"आणि कुलूप?"

"किल्ली हरवली होती. मीच तोडलं."

तो खांदे उडवून गेला. मागच्या बोळातली एक विणकराची म्हातारी दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवून निघून गेली. पुढचे सात-आठ महिने मी हातानंच शिवलं. काम कमी झालं, डोळे दुखायचे. फिर्याद मात्र मी दिली नाही.