मालगाडीचा जांभळा डबा

लाल रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, मी डाइंग मास्तर आहे. गिऱ्हाईक वीतभर कापड आणून देतं आणि म्हणतं, या रंगाचा अख्खा माल हवा. कोणता रंग किती घालायचा ते मी ठरवतो, आणि तयार माल नमुन्याशी जुळला की नाही हेही मीच सांगतो. याला आमच्याकडे शेड पास करणं म्हणतात. माझ्याकडे डिग्री नाही, इंग्रजी बेताचं. डोळा आहे म्हणून खुर्ची आहे. लॅबमध्ये रंग मोजायचं महागडं मशीन आहे, पण शेवटी मान हलते ती माझी. मशीन चुकेल, मास्तर चुकणार नाही, असं शेठ पाहुण्यांना सांगतो. ते ऐकून मी कधी लाजलो नाही. खरं ते खरं.

माझा दुसरा उद्योग बिनपैशाचा आहे. मी मालगाडीचे जुने डबे तयार करतो. खऱ्याच्या सत्याऐंशी पट लहान, तळहातावर मावणारे. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, इंजिन का नाही करत? इंजिनाचे फोटो सगळ्यांनी काढलेत, त्याची चित्रं, नकाशे, पोस्टरं सगळं मिळतं. चार चाकांच्या, लोखंडी पत्र्याच्या, बंद मालडब्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. फोटोत तो सापडतो तो इंजिनाच्या मागे, अर्धा कापलेला. मला त्या डब्याची दया येते असं नाही. मला तो आवडतो, आणि आवडायला कारण आहे.

आमचं घर नंदुरबारचं. आई मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान, जिकडे पाहावं तिकडे लाल. पथारीच्या पलीकडे रूळ. मालगाडी थांबली की डब्याचा लाल आणि मिरचीचा लाल समोरासमोर यायचे, आणि दोन्हींत काय फरक आहे ते मी बसून बघायचो. डब्याचा लाल मिरचीहून गडद, विटेकडे झुकलेला, पण त्यात एक गारवा होता. आयुष्यात मी पहिली शेड जुळवली ती तिथे. त्याच लाइनीने पुढे आम्ही सुरतेला आलो, खानदेशातली अर्धी माणसं येतात तशी.

डबा करायचा तर मापं हवीत, आणि मापं कुठे मिळेनात. जुन्या पुस्तकांच्या बाजारात हिंडलो, इंटरनेटवर परदेशातल्या डब्यांचे ढीग सापडले, आपला सापडेना. शेवटी जवळच उधन्यात राहणाऱ्या एका गुजराती दोस्ताने मार्ग काढला. हा गृहस्थ रेल्वेत डबे तपासायच्या कामावर होता, आता निवृत्त आहे, दिवसभर झोपाळ्यावर बसून सुपारी कातरतो. त्याला आठवलं की नंदुरबारच्या वाटेवरच्या एका लहान स्टेशनात असा एक डबा चाकं काढून जमिनीवर ठेवलेला आहे. लाइनीवर काम करणारे त्यात आपली अवजारं ठेवतात. स्टेशन मास्तर त्याच्या ओळखीचा होता. परवानगी मिळाली आणि आम्ही दोघे सकाळच्या गाडीने गेलो.

तो डबा पाहून मला काय झालं ते लिहून सांगता येईल असं वाटत नाही. आनंद झाला, एवढंच म्हणतो. गवतात बसकण मारून बसला होता. दाराच्या दोन झडपा, बाहेर उघडणाऱ्या. पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा. मी टेप धरला, दोस्ताने आकडे उतरवले, मधेच माझं माप चुकलं म्हणून मला टोकलं, आणि मी पुन्हा मोजून तो बरोबर आहे हे कबूल केलं. मापांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकतो.

रंगाची वेळ आली तेव्हा मी त्याला माझी विद्या दाखवली. उन्हाने उडालेला रंग बघायचा नसतो. साडीचा खरा रंग घडीच्या आत असतो, तसा डब्याचा रंग बिजागरीच्या पट्टीमागे असणार. पट्टी सैल होतीच. पान्याने सरकवली आणि चाकूने रंगाचा एक पापुद्रा अलगद सोडवला. उन्हात धरून पाहिला आणि माझा विरस झाला. पिवळट, मळकट, तपकिरी. मी दोस्ताला सांगितलं की हा जुना होऊन पिवळा पडलाय, मूळ रंग असा नव्हता. तो म्हणाला, तरी सोबत ठेवा, घरी जुळवायला कामी येईल. मला हसू आलं. शेड खिशात घालून फिरायला मी काय नवशिका उमेदवार होतो? ती माझ्या डोळ्यांत होती, पथारीपासून. त्याने पापुद्रा आपल्या सुपारीच्या डबीच्या झाकणात ठेवला.

डबा करायला पुढचा सगळा हिवाळा गेला. बायको घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. तिची बोथट झालेली सुई मी मागून घेतली आणि पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उलट्या बाजूने टोचत एकेक रिव्हेट उठवला. दाराच्या कड्या तारेच्या केल्या. घराच्या एका खोलीत ती लेस लावते आणि मी रिव्हेट टोचतो, मधे रेडिओ. आमचा संसार इतका गोड कधी चालला नव्हता.

मग मी रंग दिला. गॅलरीत, सकाळच्या उजेडात, कारण ट्यूबलाइटखाली शेड बघणं म्हणजे स्वतःला फसवणं. रेड ऑक्साइड घेतला, तो मला पिवळा वाटला. थेंब थेंब निळा घालत गेलो. तो गारवा येईपर्यंत घालत गेलो. आला. डोळे भरून पाहिलं आणि वाटलं, आता पथारीवरून आई येईल आणि घरी चल म्हणेल. इतका तो बरोबर होता.

बायकोने चहा आणला, डब्याकडे पाहिलं आणि विचारलं की हा जांभळा का केलात. मी म्हटलं लाल आहे. ती म्हणाली, जांभळा आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यभर ज्याने रंगावर भाकरी मिळवली त्याला लेस लावणारीने शिकवावं? मी स्वयंपाकघरातल्या बरणीतून सुकी नंदुरबारी मिरची आणून डब्याशेजारी धरली. म्हटलं, बघ, मिरचीहून गडद, विटेकडे झुकलेला. ती बराच वेळ डब्याकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मग कप उचलून आत गेली. मी जिंकलो असं धरून चाललो.

पुढच्या रविवारी दोस्त डबा बघायला आला. त्याने रिव्हेट पाहिले, कड्या पाहिल्या, डबा उलटा करून खालची चौकट पाहिली, आणि मनापासून वाखाणलं. मग खिशातून सुपारीची डबी काढली आणि झाकणातला तो पापुद्रा डब्याच्या टपावर ठेवला. मी लगेच म्हटलं, बघा, किती पिवळा पडलाय.

तो म्हणाला, "मास्तर, पट्टीनी पाछळ हतो. तडको नथी लाग्यो, पाणी नथी लाग्युं. ए केवी रीते पीळो पडे?"

पट्टीमागे ऊन नाही, पाऊस नाही, मग तो पिवळा कसा पडेल? हा प्रश्न मलाच पडायला हवा होता. घडीच्या आतला रंग खरा, हे मीच त्याला शिकवलं होतं.  तो कोपऱ्यात लेस लावत बसलेल्या बायकोकडे पाहत होता आणि ती मांडीवरच्या साडीकडे.

तिने मान वर न करता मला दोऱ्यांच्या डब्यातून काळं रीळ काढून द्यायला सांगितलं. मी दिलं. तिने ते मांडीवरच्या काळ्या लेसवर ठेवलं आणि दोन्ही माझ्यासमोर धरलं. मला एकाच रंगाचं दिसत होतं.

"हाऊ निया शे," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "काया नई. दिवाईपासून दखी राहिनू मी. डाक्टरले डोया दखाडा."

मी तिच्या हातात काळं समजून निळं रीळ दिलं होतं. दिवाळीपासून तिच्या लक्षात आलं होतं. एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून मी मिलमध्ये जात होतो आणि ती रोज दारात माझे पाय बघत होती. बोलली नाही, कारण रंगावरून मला बोलणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं.

मला मोज्यांचं काही वाटलं नाही. मला नेव्ही ब्ल्यूचे ते दोन लॉट आठवले, जे बाजारातून परत आले होते. मशीनने दोन्ही नापास केले होते आणि मी मशीनला नापास करून ते पास केले होते. रंगच वाईट दिला म्हणून रंगवाल्या कंपनीच्या माणसाला मी फोनवर फैलावर घेतलं होतं.  दोस्त निघून गेला तरी मी गॅलरीत उभा होतो. डोळा गेला तर माझ्याजवळ दुसरं काय आहे, एवढा एकच विचार होता. मी घाबरलो होतो, आणि घाबरायची मला सवय नव्हती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं आणि माणसाला कळत नाही, कारण रोजच्या रोज तो त्याच भिंगातून बघतो. निळा रंग त्यातून अडतो. म्हणून मला रेड ऑक्साइड पिवळा वाटला आणि मी निळा ओतत गेलो. ऑपरेशन किरकोळ असतं म्हणाले. त्यांच्यासाठी असेल. नंतर दिसेल याची मला खात्री होती. दिसणं आणि शेड दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची हमी कोण देणार?

शेठला मी स्वतः सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, मी परत येईपर्यंत प्रत्येक लॉट मशीनवर पास करा, आणि परत आल्यावर मला आधी तपासा, मग खुर्ची द्या. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाला की खुर्ची कुठे जात नाही. तो चांगुलपणाने म्हणाला, पण धंदा चांगुलपणावर चालत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आधी उजवा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर घरी येऊन मी डबा हातात घेतला. उजव्या डोळ्याने पाहिला. जांभळा. पिकलेल्या जांभळासारखा जांभळा, डोळ्यांत खुपणारा, कुठल्याही रेल्वेने कधीही कुठल्याही डब्याला दिला नसेल असा. मी उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिलं. लाल. पथारीवरचा, गारवा असलेला. उजवा, जांभळा. डावा, लाल. बायको दारात उभी राहून हसत होती आणि मीही हसलो.

डाव्याचं ऑपरेशन होईपर्यंत मधले काही आठवडे माझ्याकडे दोन्ही डोळे होते, एक माझा आणि एक खरा. त्या दिवसांत मी घरातल्या सगळ्या गोष्टी पुन्हा पाहिल्या. बायकोची जी साडी मी काळी समजत होतो ती निळी निघाली. ती म्हणाली, तुम्हीच आणली होतीत, तेव्हा निळीच म्हणाला होतात. डाव्याच्या ऑपरेशनच्या सकाळी निघण्याआधी मी उजवा डोळा हाताने झाकला आणि डबा शेवटचा एकदा डाव्याने बघून घेतला. मग रिक्षा आली.

मिलमध्ये परतलो तेव्हा शेठने खरोखरच तपासलं. नेव्हीचे नमुने लाइट बॉक्सच्या दिवसासारख्या उजेडात मांडले होते, काही पास, काही नापास, मशीनचा निकाल त्याच्या खिशात. मी एकेक उचलून सांगत गेलो. एका ठिकाणी मशीन पास म्हणत होतं आणि मी नापास म्हटलं, लाल किंचित जास्त आहे. शेठने कापड उन्हात नेऊन पाहिलं आणि ते दुरुस्तीला पाठवलं. मी खुर्चीत बसलो. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी ती गरम वाटली, पण ती माझीच होती.

दुसरा डबा मी पापुद्र्याशी जुळवून रंगवला. मिरचीहून गडद, विटेकडे झुकलेला. तो घरी काचेच्या कपाटात आहे. रंग वाळायच्या आत बायकोने येऊन पाहिला आणि पास केला. दोस्त म्हणतो, असाच होता. मला विचाराल तर थोडा गारवा कमी वाटतो, पण पापुद्रा खोटं बोलत नाही आणि मी सहा वर्षांचा होतो तेव्हाचं कोण खात्रीने सांगणार?

जांभळा मी पुन्हा रंगवला नाही. तो लॅबमध्ये माझ्या टेबलावर ठेवला आहे. नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, मास्तर, असा डबा कधी होता का? डॉक्टर म्हणतात, नवीन भिंग पिवळं पडत नाही. पडत नसेल. पण रोज सकाळी, पहिली शेड हातात घ्यायच्या आधी, मी खिडकीशी जाऊन तो डबा उजेडात धरतो. ज्या दिवशी तो मला बरोबर वाटेल, त्या दिवशी मी शेठला लॅबची चावी देऊन घरी जाईन. आजही पाहिला. जांभळाच आहे.